मिलिंदाचा रथ आणि कुर्ल्याची फियाट

(नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोघा-तिघांचे फोन आले. 'सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता मोटारीवर काय बोलणार?' मी म्हणालो, बाबांनो, भारतीय तत्त्वज्ञानातलं एक गाजलेलं उदाहरण गाडीचंच आहे. मिलिंद नावाचा यवन राजा भिक्खू नागसेनाकडे जातो. नागसेन त्याला विचारतो, राजा, तू पायी आलास की रथातून? राजा म्हणतो, रथातून. मग रथ म्हणजे काय ते सांग. चाकं म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. जू? दांडी? तेही नाही. मग या सगळ्यांना वगळून रथ नावाचं वेगळं काही आहे का? तेही नाही. शेवटी राजाला कबूल करावं लागतं, की हे सगळे भाग ज्या रीतीने एकत्र येतात त्या व्यवहाराला आपण 'रथ' हे नाव देतो.

हा प्रश्न मी तीस वर्षं वर्गात शिकवला. पण तो मला खऱ्या अर्थाने कळला तो एका फियाटच्या बॉनेटखाली. आज त्या फियाटचा इतिहास सांगायचा आहे.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला, नांदेडात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. आमच्या गल्लीत एका डॉक्टरांकडे फियाट होती. गोलसर पाठीची, पुढे नाक काढलेली. मुंबईचे लोक त्या मॉडेलला 'डुक्कर फियाट' म्हणायचे. आमच्याकडेही तेच नाव आलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, म्हणजे बिजागरी मागे आणि कडी पुढे. डॉक्टर उतरताना जणू कपाट उघडून बाहेर येत. आम्ही पोरं ते बघायला थांबायचो. ही गाडी मूळची इटलीची, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. फियाट म्हणजे मुंबईची गाडी, एवढंच ज्ञान.

पुढे प्राध्यापक झाल्यावर १९८० नंतर कधीतरी मीही एक जुनी फियाट घेतली. ती ज्यांच्याकडे दुरुस्तीला जायची त्या मिस्त्रींना सगळे 'उस्ताद' म्हणत. वजिराबादकडे त्यांचं पत्र्याचं शेड होतं. शिक्षण उर्दू माध्यमातून चौथीपर्यंत. एके दिवशी इंजिन खोललेलं होतं, मी शेजारी स्टुलावर बसलेलो. त्यांनी हात पुसत मला विचारलं, 'सर, ये इंजन पहले सोचा कौन?'

मी पीएच.डी. झालेला माणूस. मला उत्तर माहीत नव्हतं. 'वाचून सांगतो' म्हणालो. उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली, आणि सांगायला उस्ताद राहिले नाहीत. म्हणून ते उत्तर आज तुम्हाला सांगतोय.

तर, इंजिनाचा विचार करणारा माणूस म्हणजे दान्ते जाकोसा. जन्म १९०५. इटलीच्या तोरिनो शहरात, ज्याला आपण इंग्रजीच्या वळणाने ट्युरिन म्हणतो, १८९९ मध्ये फियाट कंपनी निघाली. जाकोसा तिथे १९२८ मध्ये तरुण इंजिनिअर म्हणून लागला. १९३७ मध्ये कंपनीने ५०८ सी नावाची साधी मध्यमवर्गीय मोटार काढली. तिच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. गणित करून बघा, चारही मिळून १०८९ घन सेंटिमीटर होतात. हा आकडा लक्षात ठेवा, १०८९. आपली कथा या आकड्याची आहे.

गाडी साधी होती, पण इंजिन गुणी निघालं. इटलीत तेव्हा 'मिल्ले मिलिया' नावाची शर्यत असे. हजार मैल, म्हणजे साधारण सोळाशे किलोमीटर. ब्रेशिया गावाहून रोमपर्यंत आणि परत, तेही गावागावांतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवरून. १९३८ मध्ये याच ५०८ सी गाडीवर वाऱ्याला कमी अडवणारी बंदिस्त बॉडी चढवून ती तिच्या गटात जिंकली.

पुढची गोष्ट ऐका. एन्झो फेरारी हे नाव तुम्हाला माहीत आहे. आपल्या पोरांच्या खोलीत ज्यांच्या लाल गाडीचं पोस्टर असतं ते. फेरारी आधी आल्फा रोमिओ कंपनीकडे होते. तिथून बाहेर पडताना काही वर्षं स्वतःच्या नावाने गाडी काढायची नाही, अशी अट होती. म्हणून १९४० मध्ये त्यांनी आपली पहिली गाडी काढली ती दुसऱ्याच नावाने. तिला म्हणतात '८१५': आठ सिलिंडर, दीड लिटर. ती बनवली कशातून? फियाट ५०८ सी च्या सुट्या भागांतून! चार सिलिंडरच्या दोन इंजिनांची मांडणी एका ओळीत जोडून आठ सिलिंडर केले. अशा दोन गाड्या त्या वर्षीच्या शर्यतीत उतरल्या. दोन्ही मध्येच बंद पडल्या. फेरारीची सुरुवात अशी झाली. म्हणजे नात्याने बघायला गेलं तर डॉक्टरांची डुक्कर फियाट ही फेरारीची चुलत बहीण लागते.

(हशा)

हसू नका, पुरावा अजून आहे. महायुद्ध संपलं. इटली उद्ध्वस्त झालेली, पोलाद नाही, पेट्रोल नाही. तोरिनोतले पिएरो दुझिओ नावाचे उद्योजक, मूळचे कापड धंद्यातले आणि तरुणपणी युव्हेंटुस संघाचे फुटबॉलपटू, त्यांनी 'चिझितालिया' नावाने स्पर्धेच्या गाड्या काढायचं ठरवलं. यंत्र कोणाचं? फियाटचंच, ११०० गटातलं. आराखडा करायला बसला तोही जाकोसाच. १९४७ च्या मिल्ले मिलियात तात्सिओ नुवोलारी नावाचा ५४ वर्षांचा, आजारी आणि खोकून बेजार झालेला चालक छत नसलेल्या चिझितालियात बसला. पाऊस कोसळत होता. त्याच्याविरुद्ध जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाची आल्फा रोमिओ. तरी तो बराच वेळ पुढे होता. शेवटी दुसरा आला. त्याच चिझितालियाची पिनिनफारिनाने घडवलेली बंदिस्त गाडी १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रदर्शनात मांडली, आणि पुढे कायमच्या संग्रहात घेतली. फिरणारं शिल्प म्हणून. त्या शिल्पाच्या पोटात होतं १०८९.

अशा गाड्यांना इटलीत 'ग्रान तुरिस्मो' म्हणतात. शर्यतीत धावू शकेल आणि सामान घेऊन दूरच्या प्रवासालाही नेता येईल अशी गाडी. हा प्रकार फक्त श्रीमंतांसाठी राहू नये, असा फियाटचा प्रयत्न होता. १९५३ मध्ये त्यांनी नवी ११००-१०३ काढली. इटालियन माणूस तिला 'मिल्लेचेंतो' म्हणजे अकराशे म्हणतो. साध्या गाडीचं इंजिन ३६ अश्वशक्तीचं. त्याच वर्षी तिची 'तुरिस्मो व्हेलोचे' आवृत्ती आली, म्हणजे वेगवान प्रवासी गाडी. तेच १०८९, पण सुमारे ५० अश्वशक्ती. समोरच्या जाळीत मधोमध तिसरा दिवा. कारकुनाची गाडी आणि शर्यतीची गाडी एकाच आईच्या पोटची.

आता तोरिनोहून आपल्याकडे येऊ. मध्ये एक माणूस आहे, तो आपल्या शेजारचा. लातूरहून तुळजापूरच्या वाटेने पुढे गेलं की सोलापूर. तिथे १८८२ मध्ये वालचंद हिराचंद दोशी जन्मले. रेल्वेची कंत्राटं, मग जहाजं, साखर कारखाने, विमानाचा कारखाना. परकीय सत्तेने 'हे तुमचं काम नाही' म्हटलं, की ते काम हातात घ्यायचं, असा त्यांचा खाक्या. १९१९ मध्ये सिंधिया जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना. मोटारीचा कारखाना भारतात व्हावा ही कल्पना सर विश्वेश्वरय्यांनी तिसाव्या दशकातच मांडली होती. वालचंद त्यांच्या मागे उभे राहिले. इंग्रज सरकारने साथ दिली नाही. शेवटी १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाईल्स' स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ गाड्या आणि ट्रक तिथे जोडले जात.

पन्नास साली पुढे फियाटशी करार झाला. आधी छोटी ५०० आली, आणि १९५४ पासून मिल्लेचेंतो. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवलं, की ज्यांना टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. नुसते खोके आणून गाड्या जोडणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती. ती आणि फोर्ड, दोघांनी १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळला. कुर्ला राहिलं. वालचंद मात्र हे बघायला नव्हते, १९५३ मध्ये ते वारले होते.

पुढचा क्रम भराभर सांगतो. १९५८ च्या सुमारास 'सिलेक्ट', मग 'सुपर सिलेक्ट'. १९६४ मध्ये ११०० डी आली. चौकोनी, नीटनेटकी, सरळ उघडणाऱ्या दारांची. आज तुमच्या डोळ्यांसमोर 'पद्मिनी' म्हणून जी गाडी येते ती हीच. फियाटशी असलेल्या कराराची मुदत संपली तेव्हा नाव बदलावं लागलं. आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट', आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी', चितोडच्या राणीच्या नावाने. इटालियन अकराशेचं राजस्थानी बारसं मुंबईच्या कुर्ल्यात झालं. आणि नांदेडचे लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले, 'फियाट'.

इथे मिलिंद राजा परत येतो. नाव बदललं, करार संपला, भाग इथले झाले. मग ती फियाट राहिली का?

आणि इथेच एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. १९६९ मध्ये तोरिनोने अकराशे बंद केली. तिच्या जागी १२८ आणली. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, आतली जागा मोठी. आज तुम्ही चालवता त्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी तीच आहे. ती कोणी केली? पुन्हा जाकोसानेच! ज्याने अकराशे घडवली त्यानेच तिला निवृत्त केलं. आणि आपण? आपण ती २००० सालापर्यंत बनवत राहिलो. तेच १०८९. तोच ६८ चा व्यास, तीच ७५ ची धाव. तोरिनोत जी पायरी होती, ती आपल्याकडे गच्ची झाली.

याचा दोष लगेच कारखान्यावर टाकू नका. त्या काळात किती गाड्या बनवायच्या ते लायसन्स ठरवायचं. परकीय चलन मिळेल की नाही ते दिल्ली ठरवायची. किंमतसुद्धा सरकार ठरवायचं. १९६९ च्या किंमत-आदेशावरून कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. मुलीच्या जन्माला नंबर लावला तर लग्नाला गाडी येईल, असा विनोद होता. ज्याला न बदलताही गिऱ्हाईक मिळतं आणि बदलायचं म्हटलं तर परवानगी मिळत नाही, तो बदलेल कशाला? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा लोकांना कळलं, की आपण कुठे थांबलो होतो.

पण 'आपण काहीच केलं नाही' असंही मी म्हणणार नाही. आपण एक मोठी गोष्ट केली, फक्त ती कारखान्यात झाली नाही.

तोरिनोत गाडी बिघडली तर सुटा भाग कंपनीकडून येतो. नांदेडात तो मुंबईहून यायचा, कधी आठ दिवसांनी, कधी यायचाच नाही. मग उस्ताद काय करत? लेथवाल्याकडे जाऊन पितळेचा बुश कातून घेत. सिलिंडर झिजले की बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवत. गॅस्केट कापायला जाड कागद आणि हातोडी पुरे. मराठवाड्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. त्या काळच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल पंपातच उकळून त्याची वाफ व्हायची आणि चढावर गाडी गप्प व्हायची. लोह्याच्या पुढे, अहमदपूरच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवून बसलेले लोक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. हे ओलं फडकं तोरिनोच्या कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. ते आपलं संशोधन.

मुंबईत तेच काम टॅक्सीवाल्यांनी केलं. कलकत्त्याने अँबेसेडर घेतली, मुंबईने फियाट. अरुंद गल्लीत वळायची, कमी पेट्रोल खायची. गिअरची दांडी स्टेअरिंगखाली, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर आणखी एक माणूस दाटीवाटीने मावायचा. टपावर कॅरियर आणि त्यावर वळकट्या. गावाकडून टाटा हॉस्पिटलला पेशंट घेऊन गेलेला मराठवाड्याचा माणूस स्टेशनबाहेर पहिल्यांदा ज्या काळ्या-पिवळ्या गाडीत बसला, ती हीच. नुवोलारीच्या इंजिनाचा वंशज वीसच्या वेगाने परळच्या गर्दीतून चालला होता. इटलीत त्याने प्रवासाची हौस भागवली, आपल्याकडे गरज भागवली. यात कमीपणा मानण्यासारखं मला काही दिसत नाही.

उस्तादांकडे एक वही होती. लाल कापडी पाठीची, वाण्याकडे असते तशी. त्यात उर्दूत मापं लिहिलेली. कुठला बुश किती हजारांश मोठा कातला तर मराठवाड्याच्या धुळीत जास्त टिकतो. उन्हाळ्यात पॉइंटमधली फट किती, पावसाळ्यात किती. गाडीचा नंबर, तारीख आणि निकाल. प्रयोगवही म्हणतात ती याहून वेगळी काय असते? ते मला एकदा म्हणाले, 'सर, ये सब साफ लिखना है, आप लिखेंगे क्या?' मी म्हणालो, 'हो, सुट्टीत बसू.' सुट्ट्या येत गेल्या, जात गेल्या. ते गेल्यानंतर मी शेडवर गेलो. मुलाने शेड भाड्याने दिलं होतं. वही रद्दीत गेली होती.

माझा प्रबंध मात्र ग्रंथालयात आहे. काळ्या बायंडिंगमध्ये. किती जणांनी उघडला ते मला माहीत आहे.

(हशा)

मित्रहो, मघाशी मी कुर्ल्याच्या कारखान्याविषयी बोललो, की तीच गाडी छत्तीस वर्षं बनत राहिली. घरी जाऊन मी माझं कपाट उघडलं. तर्कशास्त्राच्या माझ्या नोट्स. पिवळे पडलेले कागद. पहिल्या वर्षी तयार केल्या आणि निवृत्तीपर्यंत त्याच चालवल्या. वर रंग नवा, नाव नवं, अभ्यासक्रमाचा नंबर नवा, आत तेच १०८९. मलाही गिऱ्हाईक मिळतच होतं. मुलांना दुसरा वर्गच नव्हता. तेव्हा बंद बाजाराविषयी मी फार उंच आवाजात बोलू नये हे बरं.

आज लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावं शिक्षणाची म्हणून ओळखली जातात. लातूर पॅटर्नची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. शेतकऱ्याचं पोर डॉक्टर झालं ते त्या कष्टामुळे. पण कुर्ल्याची गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून एक प्रश्न विचारतो. ठरलेला नमुना बिनचूक गिरवणं ही पहिली पायरी आहे, हे कबूल. जाकोसासुद्धा आधी दुसऱ्यांच्या गाड्या शिकला. पण त्याच्या पुढची पायरी आपण बांधतोय का? की आपणही पायरीची गच्ची करतोय? वर्षानुवर्षं तेच प्रश्न, त्याच उत्तरांचे संच. वर्गात कुणी 'ये पहले सोचा कौन' असं विचारलं, तर 'परीक्षेला नाही' हे उत्तर मिळतं. चौथी शिकलेल्या माणसाला पडलेला प्रश्न आपण बारावीच्या पोराला पडू देत नाही.

आता राजाच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी कोणाची? पत्रा इटलीचा की कुर्ल्याचा, नाव फियाट की पद्मिनी, यात ते उत्तर नाही. नागसेनाची रीत धरली तर गाडी म्हणजे भागांचा आणि माणसांचा व्यवहार. त्या व्यवहारात तुम्ही विचार घातला तेवढी ती तुमची. जाकोसाने घातला, म्हणून ती त्याची. उस्तादांनी घातला, म्हणून ती त्यांचीही. मी नुसता मागच्या सीटवर बसलो. कागदावर गाडी माझ्या नावावर होती, एवढंच.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळवे झाले. मीही झालो. पण हळवं होणं स्वस्त असतं.

म्हणून एक काम सांगून थांबतो. तुमच्या गावात, लोह्याला, उदगीरला, देगलूरला, सत्तरी ओलांडलेले मिस्त्री अजून आहेत. फियाटचे, बुलेटचे, ऑइल इंजिनाचे, मोट जाऊन पंप आला तेव्हाचे. तुमच्या खिशात मोबाईल आहे. त्यांच्याजवळ जाऊन बसा, चहा घ्या आणि त्यांना बोलतं करा. वही असेल तर पानापानाचा फोटो काढा. सुट्टीची वाट बघू नका.

उस्तादांना माझं उत्तर द्यायचं राहून गेलं. तुमचं राहू नये.